शेवटच्या चढावर बंद पडणारी सायकल

दुकानात असेपर्यंत त्या सायकलीला काही म्हणता काही होत नसे. स्टँडवर चढवून पेडल फिरवलं, की मागचं चाक पोहरा सुटलेल्या रहाटासारखं भिरभिरत राही. मोटार गुणगुणे. हँडलवरच्या इवल्याशा डिस्प्लेवर बॅटरीच्या पाचही काड्या शहाण्या मुलांसारख्या ओळीनं उभ्या. मिस्त्री चाकाशी कान नेऊन बसे, आणि चाक जसं काही त्यालाच विचारी, बाबा रे, मला कुठली धाड भरलीय?

"हिला काही झालेलं नाही," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"म्हणजे मी खोटं बोलते." ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. खांद्याला औषधांची कापडी पिशवी, चेहऱ्यावर सकाळीच संध्याकाळ. "रोज त्या चढावर तूच येऊन ढकलतोस का?"

"खोटं नाही गं. दाढ दुखते आणि दवाखान्याच्या पायरीवर थांबते, तसं आहे हिचं."

"मग पायरीवर आणू नकोस. घरी येऊन बघ."

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. टेकडीवरच्या वस्तीत ज्यांना खाली दवाखान्यात उतरवत नाही, अशांच्या सत्तावीस घरी ती रोज औषधं पोचवायची. शिलाईचा कारखाना बंद पडला त्यानंतरची दोन वर्षं तिनं खिडकीत बसून काढली होती. खिडकीत बसलेली ताई मिस्त्रीनं पाहिली होती. दुपारी गेलं तरी तिथंच, दिवेलागणीला गेलं तरी तिथंच, पुढ्यातला चहा साय धरून थंड. मग औषध भांडाराची ही फेरी मिळाली, ही बॅटरीची सायकल आली, आणि बाई पुन्हा माणसांत आली. भांडणं करू लागली. मिस्त्रीला बरं वाटलं होतं.

आता महिनाभर सायकल शेवटच्या चढावर अवसान गाळत होती. रोज नाही. दोन दिवस लागोपाठ, मग तीन दिवस काही नाही, मग एकाच चढावर चारदा. मोटारीचा जोर गेला की पेट्यांसकट ती सायकल म्हणजे रुसलेली म्हैस. ताई उतरून ढकलत जाई, आणि सगळ्यांत वरच्या घरी औषध पोचायला उशीर होई. त्या घरातल्या म्हाताऱ्याला जेवणाआधी इंजेक्शन लागे, आणि ते येईतो तो ताटावर नुसता बसून राही. भांडारवाल्या साहेबांनी तीनदा ऐकून घेतलं होतं. चौथ्यांदा म्हणाले, "बाई, शनिवारपर्यंत गाडी धड करा. नाहीतर फेरी स्कूटरवाल्याकडे देतो. माझाही नाइलाज आहे."

आज गुरुवार होता.

मिस्त्रीनं काय केलं नव्हतं? पहिल्या खेपेला बॅटरीपासून मोटारीपर्यंतचे सगळे जोड उघडून, घासून, पुसून परत बसवले. दुसऱ्या खेपेला स्वतःजवळची चांगली बॅटरी घालून दिली. तीही चढावर गळाली. मग त्याला वाटलं, दुपारच्या उन्हात कंट्रोलर तापत असेल. मोटारीला किती वीज द्यायची हे ठरवणारी ती डबी पेटीतून काढून त्यानं वाऱ्यावर बांधली. आणि काल रात्रीची भाकरी गोड लागली नाही तेव्हा आज सकाळी मागच्या चाकाचा आस खोलून, मोटारीत शिरणारी प्रत्येक वायर चिमटीत धरून हलवून पाहिली. तुटकी वायर अशीच छळते. वाकली की तुटते, सरळ झाली की जुळते. पण एकही वायर कुरकुरली नाही. बावन्न वर्षांचं वय. अर्धी हयात साखळी आणि छर्ऱ्यांत गेली. तिथं रोग डोळ्यांना दिसायचा, बोटांना लागायचा. ही वीज मेली ना दिसते ना लागते.

त्यानं हात पुसले. दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"कुठं निघालास?"

"तुझ्या मागनं. आज दिवसभर बघतो कुठं मरते ती."

"तुझे गुडघे?"

"गुडघे काय, तेही चढावरच बंद पडतात."

ताई पुढं, तो मागं, आपल्या साध्या सायकलवर. खालच्या सपाट गल्ल्या सरत गेल्या. तिची सायकल अशी तरंगत चाललेली, की तिच्या मागे धापा टाकणाऱ्या मिस्त्रीला तिचा रागच आला. त्यानं ताईला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. "बंद पडली की आधी डिस्प्ले बघ. दिवा विझला तर रोग बॅटरीकडे. दिवा जळत राहिला तर रोग दुसरीकडे."

"चढावर मी जीव बघू का दिवा बघू?"

"आज दिवा बघ. जीव मी बघतो."

दर घरी ताईला वेळ लागे. पहिल्या घरात पूर्वी टेलिफोन जोडून देणारी आजी होती. तिनं औषध घेतलं आणि टेबलावरची लोणच्याची बरणी पुढं सरकवली. "तुझ्यासाठीच ठेवली होती. कालपासून उघडेना." ताईनं बरणी पोटाशी धरली, झाकणावर पदर घेतला, खांद्यापासून जोर लावला. झाकण कट्‌ झालं. आजी खूश. पुढच्या घरी निवृत्त घड्याळजी. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू फिरवलेला माणूस, आता त्याला गोळ्यांच्या बाटलीचं झाकण फिरत नव्हतं. त्याच्या पुढं दोघी बहिणी. त्यांच्या बादलीत भिजलेली चादर पडून होती आणि दोघींत मिळून एक पीळ बसत नव्हता. ताईनं पिळून दोरीवर टाकली.

"रोज असंच?" बाहेर आल्यावर मिस्त्रीनं विचारलं.

"सगळ्यांनी माझ्यासाठी काही ना काही घट्ट करून ठेवलेलं असतं," ताई हसली. "माणसं नुसतं औषध कुठं घेतात?"

मिस्त्रीला मात्र दुसराच विचार आला. म्हणजे सायकल घराघराबाहेर दहा-दहा मिनिटं उन्हात उभी! त्यानं वाकून कंट्रोलरला हात लावला. कोमट. अंगात ताप नसलेल्या लेकराच्या कपाळासारखा. तो पुन्हा खट्टू झाला. दिवसभर तो सायकलीच्या मागे फिरत राहिला. वायरी बघितल्या, जोड बघितले, चाक खड्ड्यातून गेलं की कान दिला. बहीण बाजूलाच होती, तिच्याकडे त्याची पाठ होती.

उन्हं कलली. पंचविसावं घर झालं, सव्विसावं झालं. शेवटचा चढ समोर आला तेव्हा मिस्त्रीच्या पायांत कणीभर त्राण उरलं नव्हतं. दोन्ही बाजूंना घरांच्या पाठी, मधून फरशीचा अरुंद रस्ता, वर जाऊन एकदम उजवीकडे वळणारा. ताईनं पेडलवर पाय दिला आणि सवयीनं गुणगुणायला लागली. आईची ओवी होती. आई शिलाई मशीन मारताना म्हणायची, कपड्याचा ढीग मोठा असला म्हणजे.

चढण चढताना, श्वास मोजू नये बाई,
मोजल्या श्वासाला, पुढं जाया पाय नाही.

दुसरी ओळ पुरी झाली नाही. मोटारीचा सूर मधेच कापला गेला. ताईचा पाय जमिनीला लागला.

"दिवा!" मिस्त्री खालून ओरडला.

"जळतोय!"

"जळतोय?"

"अरे जळतोय म्हणते ना! पाचात तीन काड्या आहेत!"

मिस्त्रीनं मनातल्या मनात एकेक खोडलं. बॅटरी नाही. बॅटरीपासून येणारा रस्ताही नाही. "हलू नकोस! जशी आहेस तशी राहा! हात, पाय, काही हलवू नकोस!"

"पुतळा करून ठेव इथं माझा."

त्यानं आपली सायकल भिंतीला लावली आणि चालत वर आला. कशाला हात लावला नाही. मागच्या चाकापासून सुरुवात केली. मोटार, तिची वायर, चौकट, बॅटरी, कंट्रोलर, तिथून निघणाऱ्या चार वायरी. एक डिस्प्लेला, एक पेडलची फेरी ओळखणाऱ्या चकतीची, आणि दोन ब्रेककडे. ब्रेक दाबला की मोटार आपोआप बंद व्हावी म्हणून लिव्हरच्या मुळाशी हरभऱ्याएवढं बटण असतं. त्याच्या वायरी. डोळा तिथवर आला आणि थांबला.

ताईचा उजवा हात मुठीवर होता. अंगठा मुठीला, पण मधली दोन बोटं पुढं ब्रेकच्या लिव्हरवर पडलेली. धरलेली नाहीत, पडलेली. दोरीवर टाकून विसरलेल्या मोज्यांसारखी. त्यांच्या नुसत्या भारानं लिव्हर तांदळाच्या दाण्याइतका आत गेला होता.

"ताई, बोटं काढ."

"कुठली?"

"ब्रेकवरची."

"ब्रेकवर कुठायत माझी बोटं?"

असं म्हणून तिनं खाली बघितलं. त्यानंही बघितलं. दोघं थोडा वेळ त्या दोन बोटांकडे बघत राहिले, परक्या घरातलं कुणी न विचारता आत येऊन बसावं तसं.

ताईनं डाव्या हातानं ती उचलली. लिव्हर टक्‌ करून मागं आला. तिनं पेडलवर पाय ठेवताच मोटारीनं झटका दिला, सायकल पुढं उसळली, आणि मिस्त्रीनं कॅरिअर धरून तिला थांबवलं.

रोग सापडला होता. एरवी अशा वेळी तो मांडीवर थाप मारायचा.

त्याला थंडीतला एक दिवस आठवला. ताई दुकानात आली होती. म्हणाली, "ब्रेक लांब गेलाय रे, बोटं पुरत नाहीत." त्यानं लगेच लिव्हरचा स्क्रू आत पिळून ब्रेक तिच्या बोटांजवळ आणून दिला होता. अगदी जवळ, माझ्या बहिणीला ताण नको. इतका जवळ, की माशी बसली तरी बटण दबावं. लिव्हर कुठंही गेला नव्हता. लिव्हर जिथल्या तिथंच होता, हे तेव्हा त्याच्या ध्यानातच आलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं ब्रेक लांब, मिस्त्रीनं ब्रेक जवळ केला.

"सापडलं ना?" ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम घाईचा झाला होता. "मग ती बटणाची वायर काप. खिशात पक्कड आहे ना तुझ्या? काप आणि मोकळा हो."

"वायर कापायची नसते ती."

"अर्धे मिस्त्री कापतात. तूच सांगत होतास."

"ते अर्धे मिस्त्री आपल्या बहिणीची सायकल नसतात कापत."

"अरे, शनिवारी साहेबाला गाडी दाखवायचीय! वायर गेली की बोटं कुठं का पडेनात, मोटार चालणार. हो की नाही?"

होच होतं ते. पक्कड खिशात होती. एक वायर, एक कट्‌, आणि शनिवारी सायकल बिनदिक्कत चढावर जाणार, फेरी राहणार, ताई खिडकीत जाऊन बसणार नाही. मिस्त्रीनं पक्कड बाहेर काढलीसुद्धा. मग परत खिशात टाकली. हँडल धरून त्यानं पुढचं चाक वर उचललं आणि तळहातानं जोरात फिरवलं.

"दाब ब्रेक."

"काय पोरखेळ लावलायस."

"दाब ना. उजव्या हातानं."

ताईनं बोटं लिव्हरवर नेली. बघून नेली. दाबलं. तिच्या मनगटाची शीर उभी राहिली, ओठ मुडपले गेले. चाकाचा वेग जरा उतरला, रबर किंचित घासलं, आणि चाक आपलं फिरत राहिलं. फिरत राहिलं. शेवटी आपल्या आपण दमून थांबलं. त्यानं ते पुन्हा फिरवलं.

"आता हाच ब्रेक, डाव्या हातानं."

डाव्यानं चाक जागच्या जागी खिळलं.

त्यानं चाक खाली टेकवलं.

"कधीपासून?" मिस्त्रीनं विचारलं.

"थंडीपासून असेल. आधी रात्री मुंग्या यायच्या. झटकला हात की जायच्या. मग झटकूनही जाईनात. झाकणं उघडून, चादरी पिळून झाल्या की या चढापर्यंत बोटं मेल्यासारखी."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगितलं की. ब्रेक लांब गेलाय म्हणून सांगितलं."

"ते ब्रेकचं सांगितलंस!"

"मग तुला दुसरं काय सांगायचं असतं?" ताई चिडून म्हणाली, पण चिडायलाही तिच्यात पुरता जोर नव्हता. "तू मिस्त्री. आपल्या घरात बाबांनी तरी कधी पाठ दुखते म्हटलं? खुर्ची वाईट आहे म्हणायचे. तीन खुर्च्या बदलल्या त्यांनी."

मिस्त्रीला हसू आलं. खरंच होतं. त्यांच्या घराण्यात दुखणं माणसाला कधी झालंच नाही. खुर्चीला झालं, मशीनच्या पायट्याला झालं, चष्म्याच्या काचेला झालं. आणि दुरुस्त करायला घरातच माणूस, म्हणून सगळी दुखणी त्याच्याकडे आली आणि एकही बरं झालं नाही.

"कदाचित," ताई हळूच म्हणाली, "दोन्ही असेल. बोटंही असतील आणि मोटारीतही काही असेल."

"असेल."

"एकदा बघ ना."

त्यानं मान हलवली. वर एक पुडकं पोचवायचं राहिलंच होतं. तो सायकलीवर बसला, ताईला मागं कॅरिअरवर बसवलं. दोन माणसं, वर औषधांच्या पेट्या. सायकलीला याहून मोठी परीक्षा नव्हती. त्यानं चढाच्या पायथ्याशी नेऊन सायकल वळवली, दोन्ही हात मुठींवर घट्ट धरले, बोटं लिव्हरपासून लांब, आणि पेडल मारलं.

मोटारीनं दम धरला. फरशीवरून हळूहळू, पोटुशी बाई जिना चढते तशी सायकल चढू लागली. जिथं मघाशी सूर तुटला होता ती जागा जवळ आली. मिस्त्रीनं श्वास रोखला. आयुष्यात पहिल्यांदा तो मनातल्या मनात विनवत होता, की बंद पड. बये, एकदाच बंद पड. जळू दे एखादी वायर, निखळू दे जोड, मी रात्रभर बसून नीट करतो तुला. पाठीमागं ताईनं त्याचा सदरा मुठीत धरला होता, आणि त्याला न बघता कळलं, की तीही तेच मागत होती.

सायकल ती जागा ओलांडून गेली. वळणावर गेली. वर जाऊन थांबली, तीसुद्धा मिस्त्रीनं ब्रेक दाबला म्हणून.

ताई खाली उतरली. पुडकं डाव्या हातात घेऊन तिनं शेवटचं दार वाजवलं, म्हाताऱ्याशी चार शब्द बोलली, आत जाऊन आली. मिस्त्री पायरीवर बसून होता. ती त्याच्याशेजारी येऊन बसली आणि पिशवीतून फोन काढला.

"साहेब, मी बोलतेय, टेकडीवाली. गाडी बघितली. गाडीत काही नाही." मग थोडं थांबून, "माझा हात बघायला लागणार आहे. उजवा. उद्या दाखवायला जाते."

पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. ताई ऐकत होती. "नाही, फेरी सोडत नाहीय मी. फेरी माझीच. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस स्कूटरवाल्याला द्या. पण त्याला सांगा, घरात जायचं. दारातून पिशवी टाकून पळायचं नाही. लोकांची बरीच कामं असतात." पुन्हा पलीकडचा आवाज. "ते तुमच्या हातात आहे. पण असं नका म्हणू, की बाईनं सांगितलं नाही."

तिनं फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कबूल करत नाही, पण बघतो. म्हणाले, लेखी अर्ज द्या." मग तिला हसू फुटलं, दमलेल्या माणसाला फुटतं तसं, खांद्यांतून. "आता लिहू कशानं?"

मिस्त्रीनं खिशातून पेन काढलं. आजच्या यादीची पाठ कोरी होती. ती त्यानं गुडघ्यावर घेतली. "तू सांग. मी लिहितो."

ताई सांगत गेली. त्याचं अक्षर वंगणाच्या डब्यावर खुणा कराव्यात तसं, मोठं आणि वाकडं. "उजव्या हाताला मुंग्या येतात व बोटांत जोर नाही," असं तिनं सांगितलं, तेव्हा तो थांबला, आणि मग जसंच्या तसं लिहिलं. पुढं स्वतःच्या मनानं एक ओळ घातली: दोन्ही ब्रेक डाव्या हातावर येतील असा लिव्हर बसवून देण्याची जबाबदारी माझी, खाली सही करणाराची.

"हे कुणी सांगितलं?"

"गप. तिथं तू सही कर, इथं मी करतो."

"डाव्यानं करू?"

"उजव्यानंच कर. जमेल तशी."

तिनं पेन घेतलं. बोटं त्याच्याभोवती एक-एक करून बसवली. पहिलं अक्षर निम्म्यात सुटलं, पेन घरंगळून पायरीवर पडलं. मिस्त्रीनं ते उचलून दिलं आणि दुसरीकडे, खालच्या छपरांकडे तोंड केलं. त्याला घाई नव्हती.